लेहला निघताय? बॅग भरण्याआधी दिवस मोजा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कळंबोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सहलींचे रंगीत फलक फिरू लागतात. 'लेह-लडाख, पाच रात्री सहा दिवस, खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग सगळे समाविष्ट.' खाली नाश्ता, जेवण, गाडी, हॉटेल यांची यादी असते. मग घराघरांत तयारी सुरू होते. स्वेटर कोणाकडून आणायचे, थर्मल कुठे मिळतील, आधारची झेरॉक्स किती काढायची, चकल्या-लाडू किती घ्यायचे. या सगळ्या यादीत एक गोष्ट बहुतेक वेळा नसते. ती म्हणजे शरीराला लागणारा वेळ.

लेहच्या सहलीची खरी तयारी कपड्यांची नसून दिवसांची आहे. कागदपत्रे आणि बॅगा दोन संध्याकाळी बसून होतात. विरळ हवेची सवय व्हायला मात्र जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच. त्यांना पर्याय देणारी गोळी, स्प्रे किंवा पुडी बाजारात मिळत नाही.

आपण किती उंच जातो?

कळंबोली खाडीकाठची. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी कुठे जाणार, याची काळजी करणारे हे गाव. म्हणजे आपण अक्षरशः समुद्रसपाटीवरचे लोक. इथून द्रुतगती मार्गाने घाट चढून लोणावळ्याला गेलो तरी उंची सहाशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. कळसूबाईच्या माथ्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेह वरच राहते.

विमानाने गेलात तर हा सगळा चढ काही तासांत पार होतो. दिल्लीत रात्रभर थांबल्याने फरक पडत नाही, कारण दिल्लीही सव्वादोनशे मीटरच्या आतच आहे. पहाटे मैदानात आणि सकाळी न्याहारीच्या वेळी हिमालयात, असा हा प्रवास.

अनेकांचा समज असतो की तिथे हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते. प्रमाण तेच असते, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर यावर उपाय शोधते. श्वास वाढतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातला रासायनिक तोल बदलून घेतात. या कामाला काही दिवस लागतात. त्या दिवसांत आपण पळापळ केली, तर बिघाड होतो.

जवानाला सहा दिवस, आपल्याला किती?

१९६२ च्या युद्धाच्या वेळी आणि नंतर भारतीय सैनिकांना मैदानी भागातून घाईने हिमालयात हलवावे लागले. त्यांतले अनेक जण गोळी न लागता आजारी पडले. या अनुभवातून लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीवरच्या आजारावरच्या जगातल्या महत्त्वाच्या अभ्यासांत त्याची गणना होते. म्हणजे हे ज्ञान आपल्याच देशात, आपल्याच जवानांच्या जिवावर मिळालेले आहे.

आज लष्कराची पद्धत ठरलेली आहे. ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस. पहिले दोन दिवस विश्रांती, पुढे हळूहळू चालणे, मग थोडा चढ. १२ हजारांच्या वर जायचे तर आणखी चार दिवस, १५ हजारांच्या वर पुन्हा चार. हा नियम विशी-पंचविशीतल्या, रोज धावणाऱ्या, वैद्यकीय तपासणी झालेल्या तरुणांसाठी आहे.

आता आपल्याकडे बघा. स्टील मार्केटमध्ये दिवसभर खुर्चीवर बसणारा पन्नाशीचा गृहस्थ, त्याची रक्तदाबाची गोळी घेणारी पत्नी, सत्तरीला टेकलेली आई आणि दहावीची परीक्षा दिलेला मुलगा. हे कुटुंब सोमवारी सकाळी लेहला उतरते आणि मंगळवारी १७ हजार फुटांवरच्या खारदुंग लावर फोटो काढायला निघते. जवानाला सहा दिवस लागतात तिथे या घराला एक रात्र पुरेल, असे फलक छापणाऱ्याने कोणत्या हिशेबाने ठरवले?

विमानाने येणाऱ्यांनी किमान ४८ तास लेहमध्येच विश्रांती घ्यावी, अशी सूचना लडाख प्रशासन देते. हा किमान आकडा आहे. आपण मात्र त्यालाही 'दोन दिवस फुकट गेले' म्हणतो.

अमरनाथला दाखला, लेहला काहीच नाही

अमरनाथ यात्रेला जायचे तर ठरवून दिलेल्या डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. १३ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींची, तसेच सहा आठवड्यांहून अधिक गर्भवती महिलांची नोंदणी होत नाही. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे. कैलास-मानसरोवर यात्रा पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथेही वयाची अट १८ ते ७० आहे आणि वैद्यकीय तपासण्या पार केल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

लेहच्या विमानाला मात्र तिकीट आणि ओळखपत्र पुरते. पँगाँगचा मुक्काम अमरनाथच्या गुहेपेक्षा उंच आहे, तरी तिथे जाताना तुमचा रक्तदाब कोणी विचारत नाही. सहलीला यात्रेसारखी सक्ती लावा, असे माझे म्हणणे नाही. सरसकट सक्ती आली की दाखल्यांचा बाजार सुरू होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कायदा विचारत नाही म्हणून आपणही विचारायचे नाही, हे शहाणपणाचे नाही. यात्रेकरूला जो दाखला सरकार मागते, तो प्रवाशाने स्वतःकडून मागावा.

निघण्याआधी तीन-चार आठवडे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार, दमा, नीट आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, गंभीर ॲनिमिया असेल तर स्पष्ट विचारा: जाऊ का? गर्भवती महिलांनी ही सहल पुढे ढकलावी, हेच बरे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटॅझोलामाइड नावाचे औषध दिले जाते. ते सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना चालेलच असे नाही, म्हणून शेजाऱ्याने घेतली तीच गोळी दुकानातून आणू नका. कोणाला, किती आणि कधीपासून हे डॉक्टरांनीच ठरवायचे. निघायच्या दिवशी ताप, खोकला किंवा छातीत कफ असेल तर प्रवास पुढे ढकलावा. अशा वेळी फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.

कागदपत्रे: 'मोबाइलमध्ये आहे ना' चालणार नाही

आपण सगळे आता मोबाइलवर जगतो. आधार त्यात, तिकीट त्यात, पैसेही त्यातच. लेहला उतरल्यावर पहिला धक्का इथेच बसतो. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये इतर राज्यांतले प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. घरातले चारही फोन प्रीपेड असतील तर चौघेही एकाच वेळी संपर्काबाहेर. म्हणून निदान एक क्रमांक निघण्याच्या दोन आठवडे आधी पोस्टपेड करून घ्या आणि तो इथे चालू झाल्याची खात्री करा. पोस्टपेड असले तरी दुर्गम भागात नेटवर्क मिळेल, असे गृहीत धरू नका.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. लडाख हा सीमेवरचा प्रदेश. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी देशातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद होते, त्यात लेहही होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेहमधल्या हिंसाचारानंतर संचारबंदी लागली आणि मोबाइल इंटरनेटही बंद झाले. अशा वेळी खिशातला कागद आणि रोख पैसे हेच उपयोगी पडतात.

त्यामुळे एका प्लॅस्टिकच्या पाकिटात एवढे ठेवा:

• प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र आणि तीन-चार झेरॉक्स. दोन वर्षांखालील बाळासाठी जन्मदाखला.

• जाण्या-येण्याची तिकिटे, हॉटेलचे बुकिंग आणि सहल कंपनीशी झालेला करार, सगळे छापील.

• परवान्याची किंवा शुल्काची पावती. भारतीय नागरिकांसाठी इनर लाइन परमिटची अट २०२१ मध्ये शिथिल झाली. पण नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी अशा भागांत जाण्यासाठी पर्यावरण शुल्क भरून पावती जवळ ठेवावी लागते. सीमाभागातले नियम परिस्थितीप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाचे अधिकृत संकेतस्थळ एकदा पाहा. ग्रुपवर फिरणाऱ्या जुन्या पोस्टवर जाऊ नका.

• डॉक्टरांची चिठ्ठी, चालू औषधांची नावे, रक्तगट आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक एका कागदावर. फोन बंद पडला तर आपल्याला स्वतःच्या मुलाचा नंबरही पाठ नसतो.

• विम्याची प्रत. प्रवास विमा घेताना किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, या दोन ओळी आधी वाचा.

आपल्याकडची खास अडचण नावांची. आधारवर माहेरचे नाव, तिकिटावर सासरचे. एका कागदावर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, दुसऱ्यावर नुसते नाव-आडनाव. तिकीट काढतानाच ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. चूक घरी बसून दुरुस्त करणे सोपे, विमानतळाच्या दारात कठीण.

अमेरिका-इंग्लंडहून आलेले नातलग सोबत येणार असतील तर लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट आहे, त्यांना सीमाभागासाठी संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो आणि तो नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फतच काढावा लागतो. ओसीआय कार्ड असले तरी यातून सूट नाही. मोटारसायकलने जाणाऱ्यांनी आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स मूळ स्वरूपात न्यावे. मित्राच्या नावावरची गाडी नेणे टाळा. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना तिथल्या स्थानिक फिरण्यासाठी अडवले जाते.

बॅगेत काय असावे, काय नसावे

आपल्या कपाटात रेनकोट चार असतात, लोकरीचे कपडे एखादेच. म्हणून एकदम महागडे जॅकेट घेण्याचा मोह होतो. त्यापेक्षा कपड्यांचे थर उपयोगी. आत थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट. लेहमध्ये उन्हाळ्यात दुपारी उकडते आणि रात्री कुडकुडायला होते. थर काढता-घालता येतात, एकच जाड जॅकेट दोन्ही वेळा गैरसोयीचे. कानटोपी, हातमोजे, तीन-चार जोड पायमोजे आणि आधी वापरून सैल झालेले बूट. नवे बूट कधीच नाही.

थंडीइतकेच ऊन सांभाळा. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. काळा चष्मा, सनस्क्रीन, ओठांना लावायचे मलम हे तिथे नट्टापट्टा नसून गरज आहे.

नेहमीची औषधे हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चार दिवस जास्त पुरतील एवढी. इन्सुलिन गोठता कामा नये; थंडीत ते अंगाजवळच्या खिशात ठेवा. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, सामानात टाकलेली चालत नाही. रोख रक्कम पुरेशी ठेवा. नेटवर्क नसेल तिथे यूपीआय नाही आणि पँगाँगच्या वाटेवर एटीएमचा भरवसा नाही.

आता नसलेल्या गोष्टींबद्दल. कापराची पुडी. आपल्याकडून लेहला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात ती बांधली जाते. कापूर हुंगल्यावर नाकात गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. पुडी नेण्यात नुकसान नाही. पण ती आहे म्हणून वर चढत राहणे धोक्याचे. ऑक्सिजनच्या छोट्या डब्यांचेही तेच. काही मिनिटांत त्या संपतात, आणि विमानात त्या नेताही येत नाहीत. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर मात्र जरूर न्या. फक्त तिथे ९८ दिसणार नाही, हे ध्यानात ठेवा. पहिल्या दिवसांत लेहमध्ये निरोगी माणसाचा आकडाही नव्वदच्या खाली येऊ शकतो, आणि बोटे गार असतील तर तो चुकीचाही दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

ही लक्षणे सगळ्यांना पाठ हवीत

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, थकवा, चक्कर, झोप न येणे हा सौम्य त्रास. तो बऱ्याच जणांना होतो आणि विश्रांतीने एक-दोन दिवसांत उतरतो. नियम एवढाच, की लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही.

बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, ओठ निळसर पडणे म्हणजे फुप्फुसात पाणी होत आहे. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी येणे म्हणजे मेंदूला सूज येत आहे. जमिनीवर सरळ रेष धरून, पावलापुढे पाऊल लावत चालायला सांगा. निरोगी माणूस चालतो, सूज आलेला अडखळतो. या दोन्ही अवस्थांत सकाळपर्यंत वाट पाहू नका. ऑक्सिजन, रुग्णालय आणि खाली उतरणे हेच उपचार. लेहमध्ये सोनम नुरबू स्मारक रुग्णालय हे मुख्य सरकारी रुग्णालय आहे. आपले हॉटेल तिथून किती लांब आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

घरातल्यांचा एक स्वभाव इथे घातक ठरतो. 'माझ्यामुळे सगळ्यांची सहल नको बिघडायला' म्हणून आई डोके दुखत असल्याचे लपवते. बाबा 'अॅसिडिटी असेल' म्हणतात. लहान मूल सांगू शकत नाही, नुसते किरकिर करते. म्हणून निघण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवा: कोणालाही त्रास झाला तर त्या दिवशी गाडी वर जाणार नाही, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावणार नाही.

दिवसांचा हिशेब

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. लेह ३,५०० मीटर, पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास. म्हणजे लेहहून थेट पँगाँगचा मुक्काम या नियमात बसतच नाही. नुब्रातले हुंदर आणि दिस्कित लेहपेक्षा खाली आहेत. पण वाट ५,३५९ मीटरच्या खारदुंग लावरून जाते. तिथे उतरून पंधरा मिनिटांत पुढे निघायचे, चहा-मॅगीची मैफल जमवायची नाही.

साधा आराखडा असा. पहिले दोन दिवस लेह. पहिला दिवस खोलीतच, आंघोळ राहिली तरी चालेल, दारू आणि झोपेची गोळी नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात हळू फेरफटका. तिसऱ्या दिवशी सिंधू-झंस्कार संगम आणि अल्ची, हा भाग लेहपेक्षा खाली आहे. मग दोन रात्री नुब्रा, त्यानंतर जमले तर पँगाँगची एक रात्र, परत लेह आणि शेवटी एक राखीव दिवस. राखीव दिवस चैनीचा नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहमध्ये उष्णता एवढी वाढली, की आधीच विरळ असलेल्या हवेत विमानांना उड्डाण करणे अवघड झाले आणि अनेक फेऱ्या रद्द झाल्या.

हे सगळे आठ रात्रींचे होते. 'एवढी रजा मिळत नाही' हा आक्षेप खरा आहे. खासगी नोकरीत सलग आठ दिवस मागणे सोपे नसते, आणि दोन रात्री वाढल्या की माणशी खर्चही वाढतो. 'आमच्या ओळखीचे पाच दिवसांत सगळे करून आले, काही झाले नाही' हेही खरे असते. बहुतेकांना काही होत नाहीच. पण उंचीचा आजार कोणाला होणार हे आधी सांगता येत नाही. तो तंदुरुस्त तरुणालाही होतो आणि सत्तरीच्या आजोबांना सोडूनही देतो. म्हणून ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत, त्यांनी दिवस नाही, ठिकाणे कमी करावीत. लेहचा राजवाडा, शांती स्तूप, शे, थिकसे, संगम, अल्ची एवढ्यातही पाच दिवस सुखाने जातात. पँगाँग कुठे पळून जात नाही.

सहल विकणाऱ्यांकडून एवढीच अपेक्षा आहे. प्रत्येक मुक्कामापुढे हॉटेलच्या ताऱ्यांबरोबर त्या जागेची उंचीही छापा. ग्राहकाने पैसे भरण्याआधी विचारावेत असे तीन प्रश्न: पहिले ४८ तास रिकामे आहेत का? गाडीत भरलेला ऑक्सिजन सिलिंडर असतो का? कोणी आजारी पडले तर आराखडा बदलण्याचे पैसे कोण देणार? उत्तरे लेखी घ्या. जो विक्रेता पहिल्या प्रश्नावर 'तिथे गेल्यावर बघू' म्हणेल, त्याचा फलक कितीही स्वस्त असला तरी पुढच्या ग्रुपवर जाऊ द्या.

यंदा लेहचे ठरत असेल तर स्वेटर शोधायला नंतर बसा. आधी कॅलेंडर काढा, आठ चौकोन मोजा आणि त्यांतल्या पहिल्या दोन चौकोनांत मोठ्या अक्षरांत 'आराम' लिहा. पाच रात्रींत लेह, नुब्रा आणि पँगाँग बसवायचे असे कोणी म्हणत असेल, तर ते तिकीट काढू नका.